देवयानी दीर्घिकेसाठी १३५ मिमी की ७५-३०० झूम?

निशाचर, सातारा
नमस्कार. माझ्याकडे कॅनन २००डी कॅमेरा, त्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आणि पाच किलो भार पेलणारा स्टार अ‍ॅडव्हेंचरर ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारे यंत्र) आहे. हिवाळ्यात चाळकेवाडीच्या पठारावरून देवयानी दीर्घिका आणि मृगातील तेजोमेघ टिपण्याचा मानस आहे. ७५-३०० मिमी झूम घ्यावी की सॅमयांगची १३५ मिमी एफ/२, याविषयी मार्गदर्शन करावे. दीर्घिका शक्य तितकी मोठी यावी, अशी इच्छा आहे.

कृत्तिका, कराड
१३५ घ्यावी. देवयानी सुमारे तीन अंश पसरलेली असून आपल्या कॅमेऱ्यात १३५ मिमीला साधारण साडेनऊ अंश रुंदीचे आकाश मावते, म्हणजे ती एक तृतीयांश चौकट व्यापते. खरी अडचण ध्रुवताऱ्याची आहे, कारण ट्रॅकरचा अक्ष त्याच्याच आधारे रोखावा लागतो. आपल्या अक्षांशामुळे तो क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंशांवर, बहुधा धुरकट पट्ट्यात असतो. त्यामुळे ट्रॅकरचा अक्ष दहा कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) चुकणे सहज शक्य आहे. तेवढ्या चुकीने दोन मिनिटांत तारा पाच विकलांपर्यंत (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकतो, जे १३५ मिमीला एक पिक्सेल आणि ३०० मिमीला दोन पिक्सेल भरते. त्यात, ज्या वाऱ्यासाठी तिथे पवनचक्क्या उभारल्या, तो लांब नळीला स्थिर राहू देईल असे वाटत नाही. शिवाय ३०० मिमीला ती झूम एफ/५.६ वर असते (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे); १३५ एफ/२.८ वर ठेवल्यास तेवढ्याच वेळात सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर चौपट प्रकाश पडतो.

मिरजकर
सहमत आहे. मात्र लेन्स जुनी घेणार असाल, तर पैसे देण्यापूर्वी ताऱ्यांचे एक छायाचित्र काढून चारही कोपरे तपासावेत. चारही कोपऱ्यांत तारे थोडे सारखेच ताणलेले असतील तर अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) कमी केल्यावर बरेच सुधारतात. एकाच कोपऱ्यात ताणलेले असतील तर भिंगे सरकलेली आहेत, ती लेन्स घेऊ नये. फोकस हातानेच, ठळक तारा पडद्यावर दहापट मोठा करून साधावा आणि लेन्सचे फोकसचे कडे चिकटपट्टीने पक्के करावे. लेन्सवरील अनंताच्या (∞) खुणेवर विसंबू नये.

निशाचर, सातारा
आभारी आहे. पण मृगातील तेजोमेघ १३५ला फारच लहान येणार नाही का?

कृत्तिका, कराड
एकटा घेतल्यास लहानच येईल. परंतु मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे, त्यांच्यालगतचा अश्वमुख तेजोमेघ आणि खालचा मोठा तेजोमेघ हे सारे एकाच चौकटीत बसते, आणि ३०० मिमीला नेमके तेच साधत नाही. मोठ्या तेजोमेघाचा गाभा दोन मिनिटांत पांढराफटक पडतो, म्हणून दहा-दहा सेकंदांची काही छायाचित्रे वेगळी काढून ती नंतर त्यात मिसळावीत.