ऑटिस्टिक मूल आणि ढोल-ताशा: कानात कापूस पुरेल का?

प्रश्न: ढोल सुरू झाला की कान दाबून खाली बसणाऱ्या मुलाला विसर्जन मिरवणुकीत कसं न्यावं? कापूस घालून भागेल का?

शांतकोपरा: नाही. कापसाने आवाज फारसा अडत नाही. कान पूर्ण झाकणारे इअरमफ घ्या, आवाज 20 ते 30 डेसिबलने कमी करणारे. चष्म्याच्या काडीमुळे फट राहते, ती तपासा. आधी आठवडाभर घरी मिक्सर लावताना पाच-पाच मिनिटं घालायला द्या, नाहीतर ऐनवेळी पट्ट्याचा दाबच खुपतो. दिवसभर मात्र नको. कान शांततेला सरावले की साधे आवाजही बोचतात. आणि ढोलाचा ठोका छातीत बसतो, तो इअरमफने थांबत नाही. अंतर ठेवाच.

उलटा_बनियन: नुसता आवाज नसतो हो. जरीचा कुर्ता, गुलाल, लुकलुकते दिवे, भूक, सगळ्याची बेरीज होते. म्हणून काल चाललेलं आज सोसत नाही. कुर्त्याखाली सुती बनियन उलटा घाला, शिवण बाहेर राहते. जेवूनच निघा.

शांतकोपरा: बरोबर. आणि सगळं असह्य होऊन मुलाचा बांध फुटलाच, तर प्रश्न विचारू नका; तुमचं बोलणंही त्या वेळी आवाजच. गल्लीत, अंधाराकडे न्या. झुलणं, हात फडफडवणं थांबवू नका. घट्ट मिठी त्याला आवडत असेल तरच. हलकं कुरवाळणं अनेकांना उलट जास्त टोचतं. नंतर तासन्‌तास थकवा राहतो, त्यामुळे लगेच पाहुण्यांकडे आरतीला नको.