गटगृहातल्या ताईनं फक्त डाळभात बघायचा का?

रातपाळी
परवा 'स्पष्टवक्ता' यांनी लिहिलं की मेंटल हॉस्पिटलमधून बाहेर पडलेल्यांच्या गटगृहात घर सांभाळणाऱ्यांनी भाडं, किराणा, लाइटबिल बघावं, औषधाचं डॉक्टर-नर्स बघून घेतील, दहावी पास बायकांनी क्लिनिकल मतं देऊ नयेत. वाचून डोकंच फिरलं, म्हणून वेगळा धागा.

मी अशा घरात रात्री असते. टू बीएचके, चार जणी. त्यातल्या एक मावशी लिथियमवर, म्हणजे मूड स्थिर ठेवणाऱ्या गोळीवर. मे महिन्याचा उकाडा, त्यात जुलाब लागलेले, आणि संध्याकाळी बघते तर कप धरवेना, अर्धा चहा बशीत, चालताना भिंतीला हात. फोन लावला तर पलीकडून उत्तर, "अँक्झायटी असेल, गोळी चुकवू नका, सोमवारी व्हिजिट आहेच." गोळी चुकवू नका म्हणे! अंगातलं पाणी गेलं की लिथियम रक्तात चढतं हे मला ठाऊक होतं, का तर आधीच्या सिस्टरनी पोळ्या लाटता लाटता सांगितलेलं. रिक्षात घालून कॅज्युअल्टीला नेलं, लेव्हल चांगलीच वर निघाली. नंतर केस मीटिंग झाली त्यात मला बोलावलं नाही, कारण मी हाउसिंग स्टाफ. नोंदवही माझी, चर्चा त्यांची.

स्पष्टवक्ता
ताई, तुमचा किस्सा खरा असेल, पण माझ्याकडेही आहे. मी सोशल वर्कर आहे. एका घरातल्या केअरटेकरनं "बिचारी दिवसभर पेंगते" म्हणून परस्पर रात्रीची गोळी अर्धी केली. कुणाला पत्ता नाही. महिन्याभरात ती मुलगी परत वॉर्डात. ह्याची जबाबदारी कुणाची? आणि मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ चं कलम २३ गोपनीयतेचं आहे, पेशंटच्या फाइलमधलं सगळं स्वयंपाकघरात वाचून दाखवायचं का?

रातपाळी
फाइल कोण मागतंय हो? मी सांगते ते ऐका एवढंच म्हणतेय. आणि ती पेंगते हे कुणाच्याच वहीत नव्हतं का? की होतं आणि कुणी उघडली नाही?

टोरांटोकर_पाटील
इकडे हाउसिंग फर्स्ट नावाचा प्रकार आहे, १९९२ मध्ये न्यूयॉर्कला सॅम त्सेम्बेरिस यांनी सुरू केला, कॅनडात २००९ ते २०१३ पाच शहरांत मोठा प्रयोग झाला. त्यात आधी घर, आणि उपचार नाकारले म्हणून घर जात नाही. ज्यांना जास्त मदत लागते त्यांच्यासाठी ॲक्ट टीम (ACT, कायदा नव्हे, राहत्या जागी जाऊन उपचार करणारी टीम) असते, सायकियाट्रिस्ट, नर्स, स्वतः आजारातून गेलेला एक जण, आणि रोज सकाळी सगळे बसून एकेक नाव घेतात. पण घरभाडं बघणारा आणि गोळी देणारा एकच नसावा हेही तिथे शिकले, नाहीतर माणूस घर जाईल ह्या भीतीनं खरं सांगत नाही. तेव्हा स्पष्टवक्ता अर्धे बरोबर आहेत.

स्पष्टवक्ता
अर्धं सर्टिफिकेट मिळालं, आभारी आहे.

बी_विंग_सेक्रेटरी
तुमचं चालू द्या, पण सोसायटीला कुणी विचारणार की नाही? आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर अशीच चार माणसं आणून ठेवली. लीव्ह अँड लायसन्स एका संस्थेच्या नावावर, राहणारे कोण ते आम्हाला लिफ्टमध्ये कळतं. बायकापोरं आहेत इथे.

ठाणे_स्लो
त्या चौघांनी केलं काय ते सांगा.

बी_विंग_सेक्रेटरी
रात्री दोनला बाल्कनीत उभं राहून गाणी म्हणतो एक.

ठाणे_स्लो
आमच्याकडे गणपतीत दहा दिवस अख्खी सोसायटी म्हणते, तीही बेसूर.

बी_विंग_सेक्रेटरी
टिंगल सोपी आहे. वॉचमन वर गेला तर तो माणूस घाबरून दार लावून बसला, संस्थेच्या फोनवर "उद्या ऑफिसला बोला", डॉक्टर म्हणे आमचा विषय नाही, ते घरवाल्यांचं. मग मी १०० लावू का? कमिटीत मी एकट्यानं त्यांची बाजू घेतलेली, आता मलाच शिव्या.

रातपाळी
हे घ्या! मी काय वेगळं सांगतेय? दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मधे तो दार लावून बसतो. त्याची झोप उडालीय हे शेजाऱ्याला कळलं, टीमला नाही.

कोकणात_पाऊस
सेक्रेटरींना आजाराचं नाव सांगायचं नाहीच, ते चुकीचं आहे. पण रात्री उचलला जाणारा एक नंबर द्यायला कुठलं कलम आडवं येतं? चेन्नईच्या द बॅन्यन संस्थेचं 'होम अगेन' बघा, चार-पाच जणं साध्या वस्तीत भाड्याच्या घरात, सोबत राहणारी ताई. तिथे ताई म्हणजे वरकामाला ठेवलेली बाई नव्हे.

ठाणे_स्लो
आणि ज्यांना हे सगळं नको त्यांनी आठवावं, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रालाच झापलं होतं, मनोरुग्णालयातल्या लोकांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवू नका म्हणून. त्याच मेंटल हेल्थकेअर ॲक्टचं कलम १९ सांगतं की घरच्यांनी नाकारलं किंवा घरच नाही एवढ्यावरून कुणाला हॉस्पिटलात ठेवायचं नाही. मग जाणार कुठे? सेक्रेटरींच्या तिसऱ्या मजल्यावरच.

बी_विंग_सेक्रेटरी
मजला भाड्यानं दिलाय मालकानं, तो असतो दुबईला. असो. नंबर मिळाला तर मी नोटीस बोर्डावर नाही लावणार, स्वतःकडे ठेवीन. एवढं चालेल का तुमच्या कलमांना?

स्पष्टवक्ता
ठीक आहे, ताईला मीटिंगला बोलवा, पहिली दहा मिनिटं तिलाच द्या. पण डोसला हात लावायचा नाही, हे लेखी हवं. आणि गोळ्यांच्या डब्याची किल्ली तिच्याकडे नको.

रातपाळी
लेखी घ्या. त्याच कागदावर फोन आल्यावर किती वेळात डॉक्टर बोलणार तेही लिहा. आणि किल्ली कुणाकडे? रात्री अकराला घरात मीच असते, तुम्ही नसता.

स्पष्टवक्ता
ज्याच्या गोळ्या त्याच्याकडे ठेवा मग.

टोरांटोकर_पाटील
हे आधी का नाही बोललात?