मदत हवी आहे: कार ट्रेलरचे ॲक्सल कुठे बसवू?
नमस्कार मंडळी. माझी छोटी स्पोर्ट्स कार वर चढवून न्यायला घरीच ट्रेलर बनवतोय. गाडी साधारण १,०५० किलोची, इंजिन पुढे. चौकट वेल्ड करून झाली, दोन ॲक्सलही आणलेत, पण ते पक्के करायला हात धजत नाही.

भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनातला १० ते १५ टक्के भार हिचवर (ओढणाऱ्या गाडीला ट्रेलर जोडतो त्या सांध्यावर) यायला हवा, हे माहीत आहे. कमी पडला तर ट्रेलर वेगात झोके घेतो, जास्त झाला तर ओढणाऱ्या गाडीचं मागचं अंग बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात. पण कार वीतभर पुढेमागे उभी राहिली तरी हे गणित बदलतं. मग ॲक्सल बोल्टवर सरकते ठेवले तर चालतील का? की चाकांना अडण्या ठोकून कारचीच जागा कायमची ठरवू?

दुसरी अडचण रॅम्पची. पुढचा बंपर जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. काल फळ्या लावून पाहिलं, तर चाक टेकायच्या आधीच बंपरची कड खरवडली, रंगाचा पापुद्राच निघाला. रॅम्प लांब करू, की चौकटीचा मागचा भाग उतरता करू?

ब्रेक मात्र दोन्ही ॲक्सलना लावणार, तिथे काटकसर नाही. ज्यांनी स्वतः बनवलाय त्यांनी कृपया मोजमापांसकट सांगा.