शब्दचर्चा: शिखर परिषदेच्या निवेदनातले ‘दखल’, ‘नोंद’, ‘एकमत’ आणि ‘करार’

प्रश्न

जी-20 च्या 2023 च्या नवी दिल्ली जाहीरनाम्यातल्या एका वाक्याचे मराठी करायचे आहे. विकसनशील देशांना हवामानविषयक उद्दिष्टे गाठण्यासाठी 2030 पूर्वी 5.8 ते 5.9 ट्रिलियन डॉलर लागतील, असा त्याचा आशय आहे. इंग्रजी क्रियापद ‘नोट’ आहे. त्याला ‘दखल घेतली’ म्हणावे की ‘नोंद घेतली’? शिवाय अशा निवेदनांना बातम्यांत कधी ‘करार’, कधी ‘ठराव’ म्हणतात आणि सहमतीला सरसकट ‘एकमत’. यातले काय चालेल?

प्रतिसाद 1

‘नोंद घेतली’. मराठीत दखल घेणे म्हणजे लक्ष घालणे, पुढे काहीतरी करणे. तक्रारीची दखल घेतली म्हटले की चौकशी सुरू झाली असे आपण समजतो. नोंद घेणे तेवढ्यावरच थांबते. इथे नेत्यांनी फक्त आकडा नोंदवला आहे. पैसे कोण देणार, किती आणि कधी, याबद्दल त्या वाक्यात एकही शब्द नाही. ‘दखल’ लिहिले की वाचकाला निधी मंजूर झाल्यासारखे वाटते.

या निवेदनांची खरी भाषा क्रियापदांत असते. शेर्पांच्या, म्हणजे नेत्यांच्या वतीने मसुद्यावर वाटाघाटी करणाऱ्या प्रतिनिधींच्या, बैठकीत रात्र रात्र चालणारा वाद बहुधा विषय घ्यावा की नाही यावर नसतो, त्याला कोणते क्रियापद लावावे यावर असतो. भाषांतर करताना ही उतरंड डोळ्यांसमोर हवी. सर्वांत थंड ते ‘नोंद घेतो’. त्यावर ‘स्वागत करतो’, म्हणजे दुसऱ्या कुणी केलेले काम आवडले, पण ते आपले नाही. त्यावर ‘अनुमोदन देतो’: काम दुसऱ्याचे असले तरी आता आपणही त्याच्या पाठीशी आहोत. सर्वांत वर ‘वचनबद्ध आहोत’. ‘पुनरुच्चार करतो’ दिसले की समजावे, वचन जुने आहे, नवीन काही मिळालेले नाही. बातमी लिहिणाऱ्याने तर हे वाक्य आधी शोधावे आणि मूळ वचन कोणत्या वर्षीचे ते तपासावे.

‘कटिबद्ध’ मी टाळतो. कंबर कसली, एवढाच त्याचा अर्थ. त्यात तयारी दिसते, दिलेला शब्द दिसत नाही. ‘कमिट’साठी ‘वचनबद्ध’ किंवा ‘बांधील’ नेमके बसते.

प्रतिसाद 2

‘करार’ आणि ‘ठराव’ दोन्ही चुकीचे, पण वेगवेगळ्या कारणांनी.

करारावर सह्या होतात, अनेक देशांत त्याला संसदेची मान्यता लागते आणि तो मोडला तर कायद्याचा प्रश्न उभा राहतो. जी-7 किंवा जी-20 च्या निवेदनाला यातले काहीही लागू नाही. ठराव मांडला जातो आणि त्यावर मतदान होऊ शकते, जसे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत होते. इथे मतदानाची पद्धतच नाही. ‘संयुक्त निवेदन’ किंवा शीर्षकात ‘डिक्लरेशन’ असेल तर ‘जाहीरनामा’ म्हणावे. निवडणुकीच्या जाहीरनाम्याशी घोटाळा होईल असे वाटले तर ‘घोषणापत्र’.

आणखी एक खटकणारी गोष्ट: परिच्छेदाला ‘कलम’ म्हणणे. दिल्लीच्या जाहीरनाम्यात 83 परिच्छेद आहेत. ‘कलम’ म्हटले की तो कायदा वाटू लागतो.

‘जी-20 संघटना’ हेही नको. तिला सनद नाही, कायमचे सचिवालय नाही, मुख्यालय नाही. ‘गट’ किंवा ‘समूह’ पुरे. अध्यक्ष देश दरवर्षी बदलतो; जी-20 मध्ये 1 डिसेंबरला, जी-7 मध्ये 1 जानेवारीला. काम तुटू नये म्हणून जी-20 मध्ये मागचा, चालू आणि पुढचा असे तीन अध्यक्ष देश मिळून काम पाहतात. त्याला ‘ट्रॉयका’ म्हणतात, मराठीत ‘त्रयी’ छान बसतो. 2023 मध्ये ही त्रयी इंडोनेशिया, भारत आणि ब्राझील अशी होती.

प्रतिसाद 3

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. ‘अध्यक्षपद’ आणि ‘यजमानपद’ हे समानार्थी म्हणून वापरले जातात, ते तसे नाहीत. अध्यक्षाकडे वर्षभराची विषयपत्रिका, मसुदा मांडण्याचा अधिकार आणि पाहुण्या देशांची निवड असते. यजमान म्हणजे ज्याच्या घरी बैठक. 2020 मध्ये सौदी अरेबियाकडे अध्यक्षपद होते, पण नेत्यांची परिषद दूरदृश्य पद्धतीने झाली, यजमानपद नावापुरतेच उरले. 2014 मध्ये याच्या उलट घडले. क्रिमिया ताब्यात घेतल्यानंतर रशियाला जी-8 मधून बाहेर ठेवले गेले, सोचीची परिषद रद्द झाली आणि उरलेले सात ब्रुसेल्सला जमले. तिथे यजमान होता युरोपीय संघ, जो आळीपाळीच्या अध्यक्षपदाच्या यादीतच नाही.

प्रतिसाद 4

‘एकमत’बद्दल. हा शब्द इथे सर्वांत जास्त दिशाभूल करतो. एकमत म्हणजे सगळ्यांचे मत एकच. ‘कन्सेन्सस’ म्हणजे कुणीही उघड हरकत घेतली नाही. मनातून पटले नसले तरी अडवले नाही, एवढे त्याला पुरते. त्यासाठी ‘सर्वसहमती’ बरा. काही वाटाघाटींत अंतिम मसुदा ठरावीक वेळ फिरवतात आणि त्या वेळेत कुणी बोलले नाही तर तो मंजूर धरतात. ‘मौनं संमतिलक्षणम्’ तिथे नियम म्हणूनच चालते.

सहमती झाली नसेल तेव्हाची भाषाही नेमकी असते. वाद असलेला मजकूर मसुद्यात चौकटी कंसात ठेवतात. एकेक कंस सुटत जातो आणि शेवटी जे सुटत नाहीत ते गाळले जातात किंवा शब्द बदलून घेतले जातात. 2022 च्या बाली निवेदनात ‘बहुतेक सदस्यांनी युक्रेनमधील युद्धाचा तीव्र निषेध केला’ असे वाक्य होते आणि त्यासोबत इतर मते व वेगळी मूल्यमापनेही असल्याचे नमूद केले होते. यातल्या ‘मोस्ट’चे भाषांतर ‘बहुमताने’ असे अजिबात करू नये. मोजणी झालीच नव्हती. ‘बहुतेक’ हाच शब्द योग्य.

2023 मध्ये मार्चपर्यंत अर्थमंत्री आणि परराष्ट्रमंत्री या दोघांच्याही बैठकांत संयुक्त निवेदन निघू शकले नाही, कारण बालीतले ते परिच्छेद रशिया आणि चीनला मान्य नव्हते. तेव्हा निघाला तो ‘अध्यक्षांचा सारांश आणि फलनिष्पत्ती दस्तऐवज’. बातमीत त्यालाही ‘संयुक्त निवेदन’ म्हटले तर ज्या गोष्टीसाठी महिनोन्‌महिने भांडण झाले तीच पुसली जाते. अध्यक्षांचा सारांश ही अध्यक्षाची जबाबदारी असते, बाकीच्यांवर तिचे बंधन नसते. कॅनडातल्या कॅननॅस्किसला 2025 मध्ये जी-7 नेही सर्वंकष संयुक्त निवेदन काढले नाही. अध्यक्षांचा सारांश आणि काही विषयांवर सुटी निवेदने काढली.

प्रतिसाद 5

छोटी शंका: ‘शेर्पा’ला मराठी प्रतिशब्द हवा का?

प्रतिसाद 6

नको. शिखरावर जाणारा नेता, त्याला तिथवर नेणारा शेर्पा, हे रूपक आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. ‘शिखर’ हा शब्दही याच अर्थाने चर्चिल यांच्या 1950 मधील एडिनबरो इथल्या भाषणापासून राजकारणात रुळला. मूळ तिबेटी ‘शर’ म्हणजे पूर्व आणि ‘पा’ म्हणजे तिकडचे लोक. शेर्पा हे एका समाजाचे नाव आहे, हे मात्र लिहिणाऱ्याने विसरू नये. जी-20 मध्ये शेर्पांच्या कामाची वाट (‘ट्रॅक’) वेगळी आणि अर्थमंत्री व मध्यवर्ती बँकांच्या गव्हर्नरांची वेगळी. दुसरी वाट जुनी आहे. 1999 मध्ये आशियाई आर्थिक संकटानंतर हा गट अर्थमंत्र्यांसाठीच निघाला, नेते जमू लागले ते नोव्हेंबर 2008 मध्ये, वॉशिंग्टनला.

प्रतिसाद 7

पैशांच्या शब्दांकडे कुणी वळले नाही, आणि नुकसान तिथेच जास्त होते.

2020 मध्ये जी-20 ने गरीब देशांच्या कर्जफेडीबाबत जो निर्णय घेतला, त्याला ‘कर्जमाफी’ म्हणणे साफ चूक. ती हप्त्यांची स्थगिती होती. मे 2020 ते डिसेंबर 2021 या काळात 48 देशांनी तिचा लाभ घेतला, पण पुढे ढकललेले हप्ते नंतर भरायचेच होते. ग्लेनइगल्सला 2005 मध्ये जी-8 ने जे ठरवले, त्यातून मात्र पात्र देशांची आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जागतिक बँक आणि आफ्रिकी विकास निधी यांची कर्जे रद्द झाली. तिथे ‘माफी’ चालेल. स्थगित, पुनर्रचित आणि रद्द: कर्जदार देशासाठी या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

‘मदत’ही जपून वापरावा. जी-20 च्या लंडन परिषदेत एप्रिल 2009 मध्ये 1.1 ट्रिलियन डॉलर जाहीर झाले. त्यातले 500 अब्ज नाणेनिधीची कर्ज देण्याची ताकद वाढवण्यासाठी, 250 अब्ज विशेष आहरण अधिकारांचे (नाणेनिधी सदस्य देशांना देतो ती राखीव मालमत्ता), 250 अब्ज व्यापारी पतपुरवठ्याचे आणि 100 अब्ज विकास बँकांच्या वाढीव कर्जांचे. बहुतांश रक्कम कर्जाची किंवा कर्जाला पाठबळ देणारी होती. तिचा परिणाम मोठा झाला, बाजार सावरायला तिने हातभार लावला, पण ती मदत म्हणून वाटलेली रक्कम नव्हती. ‘पॅकेज’ राहू द्यावे, किंवा ‘वित्तीय पाठबळ’ म्हणावे.

आता आकडा. एक बिलियन म्हणजे 1 अब्ज, म्हणजे 100 कोटी. एक ट्रिलियन म्हणजे 1 लाख कोटी. अंकमालिकेत त्याला महापद्म म्हणतात, पण आज ते कुणाला कळणार नाही. खर्व आणि निखर्वही सोडून द्यावेत; खर्व म्हणजे 10 अब्ज हे आठवून वाचणारे थोडे. नेहमीची चूक अशी की ट्रिलियनचे ‘अब्ज’ होते आणि रक्कम हजारपटीने घटते. त्यामुळे 5.8 ते 5.9 ट्रिलियन म्हणजे 5 लाख 80 हजार ते 5 लाख 90 हजार कोटी डॉलर. ‘डॉलर’ गाळू नका, नाहीतर वाचक रुपये समजतो.

प्रश्नकर्ता

मग वाक्य असे करतो: ‘विकसनशील देशांना, विशेषतः त्यांची राष्ट्रीय हवामान उद्दिष्टे अमलात आणण्यासाठी, 2030 पूर्वीच्या काळात 5.8 ते 5.9 लाख कोटी डॉलर लागतील, याची आम्ही नोंद घेतो.’ मथळ्यात ‘देणार’ येऊ देणार नाही.

प्रतिसाद 1

चालेल. फक्त ‘लागतील’च्या जागी ‘इतकी गरज आहे’ करा. मुळात ‘नीड’ आहे, आणि ‘लागतील’मध्ये ते मिळतीलच असा पुसटसा भाव येतो.