स्टुअर्ड, बेलिफ, एजंट : तिघांनाही ‘कारभारी’च म्हणायचं का?

प्रश्न : १८०० ते १८३० च्या दरम्यानच्या इंग्लंडातल्या जमीनदारी इस्टेटींबद्दलचा मजकूर मराठीत आणताना स्टुअर्ड, बेलिफ आणि लँड एजंट या तिघांना ‘कारभारी’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘टेनंट’ला सगळीकडे ‘कूळ’ बिनधास्त लिहावं का?

प्रतिसाद : तिघांना एकच शब्द दिलात तर कोण कुणाला हिशेब देतो तेच कळणार नाही. इस्टेटीची बहुतेक जमीन कुळांकडे असे. थोडी मालक स्वतः कसवून घेई, तिला होम फार्म म्हणत. कुळांशी पट्टे करणं, खंड वसूल करणं, कोठारांची आणि कुंपणांची दुरुस्ती, इमारती लाकडाची तोड हे सगळं स्टुअर्डकडे. होम फार्मवर नांगर कधी घालायचा, मेंढ्या कुठल्या तुकड्यात बसवायच्या, मजुरांची आठवड्याची मजुरी किती झाली, हे बेलिफकडे. म्हणून स्टुअर्ड तो कारभारी आणि बेलिफ तो शेतीवरचा मुकादम. ‘बेलिफ’ तसाच ठेवू नका. आपल्याकडे बेलिफ म्हटलं की कोर्टाचं समन्स नाहीतर जप्ती दारात आली असंच वाटतं.

एजंट हा वेगळा हुद्दा मानायची गरज नाही. त्या काळात स्टुअर्डचंच काम पगारी, जाणकार माणूस करू लागला आणि हे नाव रुळत गेलं. नॉरफकमधल्या होल्कमला कोक यांच्या इस्टेटीवर १८१६ पासून फ्रान्सिस ब्लेकी एजंट होता, काम कारभाऱ्याचंच. ‘एजंट’ला दलाल मात्र करू नका.

होम फार्मला ‘घरची शेती’ पुरेसं आहे. कोकणातल्या खोतीच्या कागदांत ‘खोती खासगी’ येतं, त्या वळणावर ‘खासगीची शेती’ही शोभेल.

प्रतिसाद : खंड हा शब्द बरोबर, पण तो रोख आणि ठरलेला. बटई किंवा अर्धेल (पिकातला वाटा) लिहिलंत तर धोका कुणाच्या माथी ते उलटं होईल. बटईत भाव पडला की मालकाचंही तितकंच नुकसान. रोख खंडात आधी कूळ बुडतं, मग थकबाकीच्या रूपानं मालक. १८१२ मध्ये गव्हाचा सरासरी भाव क्वार्टरला १२६ शिलिंग ६ पेन्स होता, १८२२ मध्ये ४४ शिलिंग ७ पेन्स. चढत्या भावाच्या हिशेबानं कबूल केलेला खंड पडत्या भावात निघणार कुठून? १८१५ च्या धान्य कायद्यानं ८० शिलिंगांखाली परदेशी गहू विकायला बंदी घातली, तरीही देशातला भाव सावरला नाही.

इथला ‘क्वार्टर’ म्हणजे पाव नव्हे. ते मापाचं नाव आहे, वजनाचंही नाही : ८ बुशेल, म्हणजे साधारण २८० ते २९० लिटर.

प्रश्नकर्ता : मग हिशेबाच्या वहीत एका बाजूला ‘चार्ज’ येतो, तो ‘जमा’ का?

प्रतिसाद : नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. ‘चार्ज’ म्हणजे कारभाऱ्याच्या अंगावर टाकलेली येणं रक्कम, मग ती हातात आलेली असो वा नसो. आपल्या महसुली भाषेत ‘मागणी’. समजा २४० एकरांचं कूळ, एकरी २५ शिलिंग, म्हणजे (२० शिलिंगांचा एक पौंड) वर्षाला ३०० पौंड, सहामाहीला १५०. मागणी १५०. कुळानं १२० भरले, मालकानं दहा टक्के म्हणजे १५ सूट दिली, राहिले १५. तर वसूल १२०, सूट १५, बाकी १५, आणि ही बाकी पुढच्या सहामाहीच्या मागणीत चढते. ‘जमा १५०’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, पैसे पेटीत आहेत. मग कारभाऱ्यावर अफरातफरीचा आळ यायला किती वेळ!

सूट आणि तहकुबी यांतही फरक राखा. सूट दिली की रक्कम सुटली. तहकूब केली की नुसती पुढे ढकलली.

एकराची मात्र काळजी नको. तोच एकर, ४० गुंठ्यांचा.

प्रतिसाद : ‘लेडी डे’चं भाषांतर एका ठिकाणी ‘महिला दिन’ असं दिसलं! तो मेरीचा सण, २५ मार्च. खंडाच्या सहामाहीचा एक हप्ता त्या दिवशी देय, दुसरा मायकलमसला, २९ सप्टेंबरला. १७५१ पर्यंत इंग्लंडात कायद्याचं नवं वर्षही लेडी डेलाच लागायचं. आपल्याकडे सालगड्याचा करार पाडव्याला होतो, ते आठवलं की ही तारीख लगेच पटते. १७५२ च्या पंचांगबदलानंतरही काही ठिकाणी जुन्या तारखा धरत, म्हणजे ५-६ एप्रिल आणि १०-११ ऑक्टोबर; म्हणून पट्ट्यातली तारीख पाहिल्याशिवाय लिहू नये.

तारखेला महत्त्व नोटिशीमुळे. त्या काळी वर्षावारी कुळाला काढायचं तर वर्ष संपण्याच्या सहा महिने आधी नोटीस लागे. लेडी डेला वर्ष संपत असेल तर मायकलमसपर्यंत. ती हुकली की कूळ आणखी एक वर्ष बसलं.

प्रतिसाद : मूळ प्रश्नातल्या ‘टेनंट’बद्दल. बहुतेक वेळा कूळच, पण ‘टेनंट फॉर लाइफ’ला ‘आजन्म कूळ’ करू नका. तो खुद्द मालक असतो! घराण्याच्या करारानं जमीन पुढच्या वारसासाठी बांधून ठेवलेली, याला फक्त हयातभर उपभोग. ‘हयातीचा धनी’ म्हणावं. त्या काळी त्याला जमीन विकता येत नसे, आणि करारात मुभा नसेल तर उभे ओकही तोडता येत नसत. अशी तोड केली तर तिला कायद्यात ‘वेस्ट’ म्हणत. इथे ‘पडीक’ चुकेल, ‘नासधूस’ बरं. पण गावाच्या सामाईक चराईबद्दल ‘वेस्ट’ आला तर तिथे पडीक किंवा गायरानच.

प्रश्नकर्ता : एक राहिलं. पट्ट्यातल्या अटीत ‘दोन व्हाइट क्रॉप लागोपाठ घेऊ नयेत’ असं असतं. पांढरं पीक म्हणजे कापूस तर नव्हे?

प्रतिसाद : इंग्लंडात कापूस कुठला! गहू, बार्ली, ओट ही पिकताना फिकट पडणारी धान्यपिकं, ती ‘व्हाइट’. टर्निप (सलगम) आणि क्लोव्हर (चाऱ्याचं एक द्विदल पीक) ‘ग्रीन’. ‘धान्यपीक’ आणि ‘चारापीक’ म्हणा, अर्थ नेमका बसतो. नॉरफकचा पिकांचा चार वर्षांचा फेरा असा : टर्निप, बार्ली, क्लोव्हर, गहू. टर्निपच्या ओळींत खुरपणी होऊन तण निघतं, मेंढ्या रानातच टर्निप खाऊन लेंडीखत टाकतात, क्लोव्हर जमिनीचा कस भरून काढतं. गव्हावर लगेच बार्ली घेतली तर पैसे लवकर, पण तण माजतं आणि जमीन उतरते.

म्हणून पट्टा २१ वर्षांचा असला तरी कारभाऱ्याचा डोळा शेवटच्या तीन-चार वर्षांवर. जाणारं कूळ तेव्हाच धान्यावर धान्य घेतं आणि गवत-पेंढा बाहेर विकतं. पेंढा गेला की गोठ्यातलं खत गेलं, आणि नवं कूळ ते रान पाहून खंड कमी करून मागतं. पेंढा बाहेर विकायला बंदी घालणारं कलम लागोपाठ धान्यपिकांच्या अटीच्याच शेजारी असतं. भाषांतरात ते ‘कडबा’ होऊ देऊ नका, तिथे ज्वारी नाही.