मदत हवी आहे: प्लेलिस्टमधून बाबांचीच भजनं गायब, रविवारच्या आत काय करू?

कृष्णाकाठ (मंगळवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी, फार घाईत लिहितेय. बाबांच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करून घेतल्या, घरी बसून सगळं अपलोड केलं, मग एक प्लेलिस्ट केली, त्यात बाबांची भजनं आणि त्यांना आवडणारे मोठ्या गायकांचे अभंग असे मिसळून ५० ट्रॅक टाकले आणि पाठवली. माझ्याकडे अगदी नीट वाजतेय. तिकडे मात्र फक्त १२ दिसतात, आणि त्यात बाबांचं एकही नाही. दोनदा प्लेलिस्ट काढून परत केली, तेच. त्यातून सगळ्या भजनांची नावं कचरा दिसतायत आणि काही फायली तर चढल्याच नाहीत. रविवारी बाबांना ७५ पूर्ण होतायत, त्याच्या आत हे व्हायलाच हवंय. कुणाला माहीत असेल तर प्लीज लवकर सांगा.

मंद्रसप्तक (मंगळवार, रात्री ११:५२)

कुठलं ॲप ते लिहिलंच नाहीत. "तिकडे" म्हणजे कुठे? फायली कसल्या आहेत, एमपी३ की आणखी काही? आणि "कचरा" म्हणजे प्रश्नचिन्हं, चौकोन की भलतीच अक्षरं? एवढं सांगा, मग बोलता येईल.

रास्पबेरीराव (बुधवार, सकाळी ६:१५)

दादा, माझा प्रामाणिक सल्ला, या स्ट्रीमिंगच्या भानगडीत पडूच नका. एक रास्पबेरी पाय, म्हणजे छोटासा कंप्युटर, घ्या, त्याला हार्ड डिस्क लावा, त्यावर नॅव्हिड्रोम हा आपली गाणी आपल्याच डिस्कवरून ऐकवणारा प्रोग्रॅम टाका. ओपन सोर्स आहे, फुकट आहे, सबसॉनिक ही गाणी पुरवायची पद्धत चालवणारं कुठलंही ॲप त्याला जोडता येतं. बाहेरून ऐकायचं असेल तर टेलस्केल हे खाजगी जोडणी करणारं ॲप टाका म्हणजे राउटरमध्ये काही उघडं ठेवावं लागत नाही. माझ्याकडे नाट्यसंगीताचे सगळे रिप याच्यावर आहेत, चार वर्षं झाली, एकदाही कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही. गाणी आपली, डिस्क आपली, नावं आपण ठेवू ती.

नंदाकाकू (बुधवार, सकाळी ८:०५)

अहो ७५ वर्षांच्या माणसाला ॲप कशाला? मराठी कारवां, तो गाणी भरलेला रेडिओसारखा डबा, घ्या, त्याला मागे पेनड्राइव्ह लागतो. मी आमच्या सासूबाईंना तसंच दिलंय, पेनड्राइव्हवर आमच्या भिशीतल्या बायकांची मंगळागौरीची गाणी भरून. त्या बटण दाबतात आणि ऐकतात. फोन पाहिला की त्यांना घाम फुटतो.

टेक्सासकर (बुधवार, सकाळी ९:३०)

ॲपल म्युझिक. सिंक लायब्ररी चालू करा, १ लाख गाण्यांपर्यंत मुभा आहे, त्यांच्या कॅटलॉगमध्ये जे सापडतं ते तिथूनच वाजतं आणि जे सापडत नाही ते तुमचं तसंच वर चढतं. अँड्रॉइडवर पण ॲप आहे. अपलोड मात्र मॅक किंवा विंडोज मशीनवरूनच करावं लागतं. एक अडचण सांगून ठेवतो, २०० एमबीच्या वरची किंवा दोन तासांपेक्षा मोठी फाइल चढत नाही. माझ्या काकांच्या कीर्तनाची अख्खी ९० मिनिटांची कॅसेट मी ३२० च्या एमपी३ मध्ये एकाच फायलीत केली होती, ती २१६ एमबी भरली आणि तिथेच अडकली. मग पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग केले, तेव्हा गेली.

कृष्णाकाठ (बुधवार, सकाळी १०:१०)

अहो मी दादा नाही, ताई. आणि नवीन काहीही विकत घ्यायला किंवा बसवायला वेळ नाहीये, बुधवार उजाडला. ॲप यूट्यूब म्युझिक, मला वाटलं अपलोड म्हटल्यावर कळेल. कॅसेटी २३, फायली ३११. नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं येतात, म्हणजे "एच, डॉलर, एम, एच, डॉलर" असलं काहीतरी. प्लेलिस्टची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली.

मंद्रसप्तक (बुधवार, सकाळी १०:२२)

ताई, लिंक कुणाला पाठवली? कुणाच्या फोनवर उघडली?

कृष्णाकाठ (बुधवार, सकाळी १०:२५)

बाबांनाच. मी पुण्यात, ते वाईजवळ गावी. त्यांचा स्वतःचा फोन आहे, त्यांचं अकाउंट वेगळं असणारच ना.

मंद्रसप्तक (बुधवार, सकाळी १०:५५)

मग तिथेच आहे सगळं. यूट्यूब म्युझिकवर आपण चढवलेली गाणी फक्त चढवणाऱ्या अकाउंटलाच दिसतात, दुसऱ्या कुणालाही नाही. प्लेलिस्टची लिंक दिली तरी समोरच्याला कॅटलॉगमधलीच गाणी मिळतात. तुमच्या ५० मधले १२ अभंग कॅटलॉगचे, ते दिसले, बाबांची ३८ तुमच्या अपलोडमधली, ती गळाली. काही बिघडलेलं नाही, आणि कितीही वेळा परत केलीत तरी हेच होणार.

दोन रस्ते आहेत. बाबांच्या फोनवर तुमचं अकाउंट घालायचं, पण मग तुमची मेल आणि कॉन्टॅक्ट सगळं तिथे जाऊन बसतं आणि दोघांचं ऐकणं एकमेकांत मिसळतं, मी तरी हे करणार नाही. दुसरा, बाबांच्या अकाउंटवरूनच अपलोड करायचं. तुमच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल उघडा, बाबांना फोन लावून बसवा, लॉगिन करताना त्यांच्या फोनवर "तुम्हीच आहात का" असं विचारेल त्याला त्यांना हो म्हणायला सांगा. मग यूट्यूब म्युझिकची साइट उघडून फोल्डर उचलून आत सोडायचं. मोबाइल ॲपमधून अपलोड होत नाही, ते फक्त कंप्युटरच्या ब्राउझरमधूनच. चढलेली गाणी त्यांच्या फोनवर लायब्ररीत अपलोड या खाली दिसतील, त्यातूनच प्लेलिस्ट करा, कॅटलॉगमधले अभंग त्यात मिसळता येतात.

पण थांबा, आज अपलोड करू नका. आधी नावं दुरुस्त करा. तिथे एकदा गाणं चढलं की त्याचं नाव, गायक काही बदलता येत नाही, काढून परत चढवावं लागतं. म्हणून टॅग, म्हणजे फायलीतच साठवलेलं नाव, गायक वगैरे, आधी, अपलोड नंतर.

आणि ज्या चढल्या नाहीत त्या कसल्या आहेत ते बघा, माझा संशय वेव्हवर, म्हणजे न दाबलेल्या मोठ्या फायलींवर आहे.

कृष्णाकाठ (बुधवार, सकाळी ११:२०)

अरे देवा. म्हणजे मी तीन रात्री जागून माझ्याच अकाउंटवर चढवत बसले. हो, न चढलेल्या ५८ सगळ्या वेव्ह आहेत, बाकीच्या एमपी३. दुकानदाराने पेनड्राइव्हवर दोन फोल्डर दिले होते, मी बघितलंच नाही. त्या ५८ मध्येच १९८७ चा कार्तिकातला काकडा आहे आणि एका कॅसेटच्या शेवटी आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. आजीचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही हो.

मंद्रसप्तक (बुधवार, सकाळी ११:३१)

मग आधी ते अख्खं पेनड्राइव्ह दुसऱ्या एका डिस्कवर कॉपी करा, आत्ता, बाकी काहीही करायच्या आधी. वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी खातं, कॅसेटची ४५ मिनिटांची एक बाजू ४७५ एमबीच्या आसपास जाते. यूट्यूब म्युझिकला फ्लॅक, एम४ए, एमपी३, ऑग आणि डब्ल्यूएमए चालतात, वेव्ह त्यात नाही. फुबार२००० या प्रोग्रॅममधून त्या ५८ फ्लॅक करा. आवाज तसाच्या तसा राहतो, काही कमी होत नाही, फाइल अर्ध्याच्या आसपास येते.

जुना_डेक (बुधवार, दुपारी १:१५)

कॅसेट डिजिटल करताना सगळ्यात महत्त्वाचं काय ते कुणीच बोललं नाही. ॲझिमथ. ज्या डेकवर रेकॉर्ड झालं त्याच्या हेडचा कोन आणि ज्यावर वाजवताय त्याचा कोन जुळला नाही तर वरचे सूर मारले जातात, टाळ चादरीखालून आल्यासारखे ऐकू येतात. हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू अगदी हळू फिरवत टाळ सगळ्यात स्वच्छ कुठे ऐकू येतात ते कानाने पकडायचं आणि मग रेकॉर्ड करायचं, प्रत्येक कॅसेटला नव्याने. हेड आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापूस लावून पुसायचं. खूप दिवस पडून असलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून घ्यायची. ऑडॅसिटीमध्ये खरखर काढायचा मोह आवरा, पखवाजाची थाप त्यात पहिली मरते.

कृष्णाकाठ (बुधवार, दुपारी १:४०)

काका, डिजिटल झालेलं आहे सगळं, दुकानात दिलं होतं. नावांचं कुणी सांगेल का?

डीटीपीवाला (बुधवार, दुपारी ३:०५)

ताई, एच आणि डॉलर म्हणजे श्रीलिपी. पैज लावून सांगतो. त्या फाँटमध्ये "क" लिहिला की आत एच आणि डॉलर साठतो, काना म्हणजे एम. तुम्ही लिहिलेलं "एच डॉलर एम एच डॉलर" म्हणजे "काक" झालं, पुढचं "डा" असणार, तुमचा काकडाच आहे तो. दुकानदाराने लग्नपत्रिका करतात त्याच मशीनवर नावं टाइप केली असणार. त्याच्या स्क्रीनवर तो फाँट होता म्हणून त्याला मराठी दिसलं, बाकी जगाला युनिकोड लागतं. माझी अर्धी हयात या फाँटांत गेलीय, पुण्यातल्याच कंपनीचं काम, एके काळी निम्मा महाराष्ट्र त्याच्यावर छापून निघायचा.

३११ नावं हाताने टाइप करू नका. एमपी३टॅग घ्या, विंडोजवर फुकट आहे. सगळ्या फायली निवडून शीर्षकांची यादी टेक्स्ट फायलीत बाहेर काढा, ती श्रीलिपीतून युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये टाका, नेटवर बरेच आहेत, एका ओळीवर आधी तपासून बघा. आलेली यादी डोळ्याखालून घाला, रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात. मग त्याच क्रमाने टेक्स्ट फायलीतून टॅगमध्ये परत घ्यायची, तशी सोय त्याच प्रोग्रॅममध्ये आहे. ओळींचा क्रम मात्र हलू देऊ नका, एक ओळ सरकली की पुढची सगळी नावं चुकीच्या भजनाला जाऊन बसतील.

आणि टॅग आयडी३ च्या, म्हणजे एमपी३ मध्ये टॅग साठवायच्या पद्धतीच्या, आवृत्ती २.३ मध्ये ठेवा. जुना आवृत्ती १ चा टॅग असेल तर उडवा, त्यात शीर्षकाला ३० बाइट मिळतात आणि देवनागरीचं एक अक्षर युनिकोडमध्ये ३ बाइट खातं, म्हणजे १० अक्षरांत खेळ संपला.

टेक्सासकर (बुधवार, रात्री ८:१०)

टॅग करतच आहात तर रचनाकाराच्या जागी संतांचं नाव जरूर घाला, तुकोबा, ज्ञानोबा, जनाबाई. मला संतांप्रमाणे शोधता येतं, फार छान वाटतं.

पेटीमास्तर (बुधवार, रात्री ८:३५)

चूक. रचनाकार म्हणजे इथे चाल बांधणारा. तुकोबांचे शब्द आणि श्रीनिवास खळ्यांची चाल असेल तर त्या जागी खळे हवेत, तुकोबांना गीतकाराचा वेगळा रकाना आयडी३ मध्ये आहेच. सगळीकडे संतांचं नाव टाकल्यामुळेच चाल कुणाची हे लोक विसरले. मानापमानाच्या पदांचं पण तेच, शब्द खाडिलकरांचे म्हणून सगळीकडे त्यांचंच नाव, आणि १९११ साली ज्या गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या ते कुठे दिसत नाहीत.

टेक्सासकर (बुधवार, रात्री ८:५०)

पण गावच्या काकड्याची चाल परंपरेची असते, तिथे कुणाचं नाव टाकणार? "पारंपरिक" असं टाकून रकाना वाया घालवायचा का?

पेटीमास्तर (बुधवार, रात्री ९:०२)

हो, पारंपरिकच टाकायचं. तो वाया जात नाही, ते खरं आहे म्हणून टाकायचं.

रास्पबेरीराव (बुधवार, रात्री ९:४०)

एवढं सगळं करून शेवटी दुसऱ्याच्याच घरात ठेवणार. गूगल प्ले म्युझिकवर पण लोकांनी ५०,००० पर्यंत गाणी चढवली होती, २०२० च्या शेवटी ते बंदच झालं ना?

मंद्रसप्तक (बुधवार, रात्री ९:५५)

झालं, पण गाणी यूट्यूब म्युझिकवर हलवायची सोय दिली होती, मी माझी हलवली, आता मर्यादा १ लाख आहे. आपलं चढवलेलं गूगलच्या टेकआउट या सोयीतून परत उतरवून पण घेता येतं. आणि राव, त्यांच्या बाबांच्या गावी वीज आणि नेट दोन्ही गेलं की तुमच्या पायवरून काय ऐकणार? यूट्यूब म्युझिकवर स्वतः चढवलेली गाणी पैसे न भरता, जाहिरातींशिवाय वाजतात, फोनवर उतरवून ठेवली की नेट पण लागत नाही. कॅटलॉगमधल्या १२ अभंगांना जाहिराती येतील, ते मान्य.

रास्पबेरीराव (बुधवार, रात्री १०:०५)

पाय पुण्यात लेकीच्या घरी ठेवायचा, गावी नाही. आणि सबसॉनिकची ॲप पण गाणी फोनवर उतरवून ठेवतात. तरी बाकीचं मान्य, रविवारसाठी तुमचंच बरोबर. पण ताई, नंतर सवडीने विचार करा, मी बसवायला फोनवर मदत करीन. आजीचा आवाज एकाच जागी ठेवू नका.

कृष्णाकाठ (शुक्रवार, रात्री १२:३०)

झालं!! नावं कन्व्हर्टरमधून काढली, ३११ पैकी ४० एक हाताने दुरुस्त करावी लागली, रफारच चुकले होते, डीटीपीवाले दादा म्हणाले तसंच. वेव्हच्या सगळ्या फ्लॅक केल्या. बाबांच्या अकाउंटवरून अपलोड चालू आहे, भाचा गावी आहे तो त्यांच्या फोनवर बघून सांगतोय, काकडा दिसायला लागला. अल्बमला कॅसेटचं नाव आणि साल, गायकाच्या जागी "भजनी मंडळ" आणि जिथे एकट्याचा आवाज आहे तिथे बाबांचं नाव. रचनाकाराला पारंपरिक. दोन डिस्कवर कॉप्या केल्या, एक भावाकडे देणार.

नंदाकाकू (शुक्रवार, सकाळी ७:४०)

छान झालं गं. पेनड्राइव्हवर पण घेऊन ठेव एक, माझं ऐक.

कृष्णाकाठ (रविवार, रात्री १०:१५)

आज सकाळपासून बाबा ऐकतायत. फोन छातीवर ठेवून, डोळे मिटून. आजीच्या ओव्या लागल्या तेव्हा आईने गॅस बंद केला आणि बाहेर येऊन बसली. १९८७ च्या काकड्यात पखवाज कोण वाजवतंय ते आम्हाला माहीत नव्हतं, बाबांनी पहिल्या थापेला नाव सांगितलं, टाळाला कोण कोण होतं ते पण सांगितलं, मी सगळं वहीत लिहून घेतलंय. आता ही नावं कुठे घालू? त्या कॅसेटचे १९ ट्रॅक आहेत.

मंद्रसप्तक (रविवार, रात्री १०:३०)

ॲपमध्ये शीर्षक, गायक आणि अल्बम एवढंच ठळक दिसतं. डोळ्यासमोर हवं असेल तर गायकाच्या रकान्यातच "पखवाज" लिहून पुढे नाव. बाकी सगळ्यांची नावं टॅगच्या कॉमेंटमध्ये घाला, ॲपमध्ये दिसणार नाहीत पण फायलीबरोबर राहतील.

कृष्णाकाठ (रविवार, रात्री १०:३४)

म्हणजे ते १९ काढून परत चढवायचे. चालेल, आत्ताच बसते.