शब्दचर्चा: सायकलची नळी ‘कडक’ म्हणजे नेमकी कशी?

प्रश्न
मंडळी, जुनी पोलादी फ्रेम बघतोय. एक मित्र म्हणतो, “रेनॉल्ड्स ५३१ घे, साध्या पोलादापेक्षा कडक.” दुसरा म्हणतो, “५३१ घे, मऊ चालते.” रेनॉल्ड्स कंपनीच्या ५३१ पोलादाची एकच नळी कडक आणि मऊ कशी?

प्रतिसाद १
दोघंही खरं बोलतायत, घोळ ‘कडक’चा आहे. आपल्याकडे चहा कडक, इस्त्री कडक, साहेबही कडक. नळीपुरते दोन शब्द वेगळे ठेवा. भार पडला की झुकायचं आणि भार गेला की सरळ व्हायचं, हे *लवणं*. झुकली ती तशीच राहिली, तर *बाक येणं*.

एकाच मापाच्या नळ्या घेतल्या तर साधं पोलाद, क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलाद), ५३१ सगळे जवळपास सारखेच लवतात. वजनही तेच. फरक बाकात आहे. १९३५ साली आलेल्या ५३१ या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाला बाक उशिरा येतो, म्हणून नळी पातळ काढता येते. पातळ म्हणून हलकी, आणि पातळ म्हणूनच जास्त लवते. दुसऱ्या मित्राचा ‘मऊ’ इथला.

प्रश्नकर्ता
मग सरळ ‘वाकते’ का नको?

प्रतिसाद १
वाकून नमस्कार करणारा पुन्हा उभा राहतो, वाकलेला खिळा राहत नाही. म्हणून टाळला.

प्रतिसाद २
‘बटेड’ नळीला मराठी काय? टोकांना जाड, पोटात पातळ, उदाहरणार्थ ०.८-०.५-०.८ मिमी. सांध्यावर ताण आणि झाळण्याची धग दोन्ही येतात, म्हणून तिथे धातू राखायचा. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सचं यावरचं पेटंट १८९७चं. मी ‘पोटपातळ’ सुचवून पाहिला, घरचे हसले. बटेडच राहू द्या.

प्रतिसाद ३
व्यास विसरू नका. २८.६ मिमी व्यास, ०.९ जाडी ही नळी सोडून ३१.८ व्यास, ०.८ जाडीची घेतली तर वजन जवळपास तेवढंच, पण ताठपणा सुमारे सव्वापट. आणि खड्ड्यातला मऊपणा म्हणाल तर त्यातला बराचसा टायरमधल्या हवेचा. उभ्या दिशेने त्रिकोणी फ्रेम फारशी लवतच नाही, पेडल मारताना आडवी लवते.

प्रश्नकर्ता
स्टिकर अर्धं उडालंय. ओळखू कशी?

प्रतिसाद ३
सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, काढून मोजा. बाहेरून २८.६ च्या नळीत २७.२ चा बसत असेल तर भिंत पातळ. २६ किंवा त्याहून बारीक निघाला तर जाड भिंतीचं साधं पोलाद असण्याची शक्यता जास्त, मग ५३१ची किंमत देऊ नका.